गावाचा गुत्ता, सरकारचा गल्ला

'सरकारमान्य देशी दारूचे दुकान.' पत्र्याच्या पाटीवर परवानेदाराचं नाव, खाली 'सीएल-३' आणि अनुज्ञप्तीचा क्रमांक. आत जाळी लावलेलं काउंटर, पाण्याचं पिंप, दोन लाकडी बाकडी. दाराबाहेर हातगाडीवर फुटाणे, खारे शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि सांगलीकडे असाल तर लसणाचा भडंग. बँकेचं शटर दहाला वर जातं, रेशन दुकानाची वेळ दुकानदाराच्या मर्जीवर. हे दुकान मात्र सकाळी आठलाच उघडतं. रात्रपाळी संपवून आलेला कारखान्याचा कामगार, ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, बाजारपेठेतला हमाल, ऊसतोडीला आलेल्या टोळीतला गडी यांच्यातलं कुणी ना कुणी तिथं सकाळीच उभं असतं. कुणी बसत नाही. नव्वद मिली उभ्या उभ्या घशाखाली जाते, मूठभर फुटाणे तोंडात पडतात आणि माणूस रस्त्याला लागतो.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला इंग्रजांनी १८८१ साली 'द क्लब' काढला. तो आजही चालू आहे आणि स्थापनेचं साल अभिमानाने सांगतो. तिथल्या लाकडी जिन्यांवर, जुन्या टेबलांवर लिहिलं गेलं आहे. सातारा-सांगलीतल्या मेढ्याच्या, कराडच्या, तासगावच्या, मिरजेच्या गुत्त्यांचं साल कुणी कोरून ठेवलेलं नाही. त्यांचा इतिहास शोधायचा तर अबकारीच्या लिलावात, कारखान्यांच्या ताळेबंदात, पोलिसांच्या पंचनाम्यांत आणि अलीकडे ग्रामसभेच्या ठरावांत शोधावा लागतो. तो शोधत गेलं की एक गोष्ट ठळक होत जाते. इथला गुत्ता उघडला सरकारने आणि टिकवलाही सरकारने. बंद करण्याची वेळ आली, तेव्हा मात्र बहुतेकदा गावच पुढे आलं.

मक्त्याचे दिवस

दारू इंग्रजांनी आणली असं म्हणणं खोटं ठरेल. मोहाची, गुळाची दारू आणि ताडी-माडी आधीपासून होतीच. इंग्रजांनी आणली ती दारूची शिस्तबद्ध वसुली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरच्या लहान भट्ट्या बेकायदा ठरल्या. दारू गाळायची सरकारने नेमलेल्या जागी आणि विकायची परवान्याच्या दुकानात. दुकानाचा मक्ता लिलावात निघे आणि सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला मिळे. मक्त्याची रक्कम भरून काढायची तर विक्री वाढवणं भागच होतं. त्यामुळे दुकान चावडीपासून लांब नेण्याऐवजी बाजाराच्या तोंडाशी आणण्यात मक्तेदाराचं हित होतं. मुंबई इलाख्याच्या तिजोरीत जमीन महसुलाच्या खालोखाल अबकारीचं उत्पन्न येऊ लागलं, तेव्हा गावचा गुत्ता ही सरकारची गरज होऊन बसली.

ही गाठ ज्यांनी लवकर ओळखली त्यांत महात्मा फुले होते. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं. व्यसनी माणसाला उपदेश करण्याऐवजी त्यांनी दुकानं वाढू देणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारला, हे त्या पत्राचं वेगळेपण. पुढे सत्यशोधक जलशांनी आणि गाडगेबाबांच्या कीर्तनांनी हा विषय सातारा जिल्ह्याच्या खेड्यांत नेला. गाडगेबाबांच्या कीर्तनात सावकार, बोकडाचा नवस आणि दारू हे तिघे एकाच पंगतीला बसत. तिघांचीही धाड कष्टकऱ्याच्या कमाईवरच पडे.

याच काळात दारू मराठी रंगभूमीवरही आली. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला रंगमंचावर आणलं. त्याला महिनाही उरला नव्हता, तेव्हा गडकरी गेले. त्यातली सिंधू साकारणाऱ्या बालगंधर्वांचं गाव पलूस तालुक्यातलं नागठाणे. विष्णुदास भाव्यांनी जिथे १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या सांगलीच्या प्रेक्षकाला हे नाटक आपलं वाटलं यात नवल नाही. पण नाटकातला दारुडा सुधाकर हा वकील आहे. शिकलेल्या माणसाची पडझड पाहून प्रेक्षागृह हळहळलं. गुत्त्याच्या दारात पडणाऱ्या हमालासाठी कुणी नाटक लिहिलं नाही. दारूच्या प्रश्नाकडे मराठी मध्यमवर्ग नेहमी आपल्या दिवाणखान्यातून पाहत आला, तो असा.

तुफान सेनेचा धाक

आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे स्वातंत्र्यापूर्वी बऱ्याच अंशी एकच होते. १९४९ मध्ये संस्थानांचा मुलूख जोडून 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्याआधी इथला नकाशा गोधडीसारखा होता. ब्रिटिश सातारा, सांगली, मिरज, औंध, जत, फलटण यांची गावं एकमेकांत शिवलेली, आणि प्रत्येक संस्थानाचा कारभार निराळा. एका हद्दीतला गुन्हेगार ओढा ओलांडून दुसऱ्या हद्दीत गेला की सुटला. दारू गाळणाऱ्यांनाही या हद्दी सोयीच्याच होत्या.

१९४२ नंतर याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्याच्या आठवणी निघाल्या की जून १९४३ मधली शेणोलीची रेल्वे लूट आधी सांगितली जाते. गावकऱ्यांच्या रोजच्या आयुष्यात मात्र प्रतिसरकार दिसलं ते न्यायदान मंडळात, बिनहुंड्याच्या गांधी विवाहात आणि दारूबंदीत. कुंडलच्या परिसरात प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं बळ मोठं होतं. दारू गाळणारा, गावगुंड आणि नाडणारा सावकार यांना एकाच न्यायाने वागवलं जाई. पंचांसमोर उभं करायचं, समज द्यायची, दंड करायचा, आणि ऐकलं नाही तर चोप द्यायचा. पद्धत कठोर होती आणि आजच्या कायद्यात ती बसणार नाही. पण इंग्रज सरकारच्या गल्ल्यात जाणारा दारूचा पैसा गावातच अडवायचा, हा त्यामागचा राजकीय विचार स्पष्ट होता. गुत्ता बंद करणं म्हणजे त्या सरकारचा महसूल तोडणं.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सरकारने हेच काम कायद्याने करायचं ठरवलं. खेर मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदीचा प्रयोग करून पाहिला होता. आता १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या राज्यात दारूबंदी लागू झाली. गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. गावोगावच्या परवानाधारक दुकानांना कुलपं लागली.

कुलूप दुकानाला लागलं. दारू ओढ्याला गेली. कृष्णा-कोयनेच्या काठची दाट उसाची शेतं, पात्रातली बेटं आणि दुष्काळी माण-खटावचे निर्मनुष्य ओढे यांत हातभट्ट्या लागल्या. काळा गूळ, नवसागर, बाभळीची साल डब्यात सडवायची, जमिनीत पुरायची, मग गाळायची. माल टायरच्या ट्यूबमध्ये भरून रातोरात हलवायचा. पहिल्या धारेच्या मालाला वेगळा भाव. मक्तेदार गेला आणि त्याच्या जागी भट्टीवाला, त्याला सांभाळणारा हवालदार आणि त्याच्याकडून निवडणुकीत मदत घेणारा पुढारी अशी नवी साखळी तयार झाली. प्रतिसरकारच्या काळी गावाचा धाक होता. या दारूबंदीमागे फक्त खाकी वर्दी होती, आणि वर्दीचा हप्ता ठरवता येत होता.

उसाच्या टनाचा हिशेब

साठच्या दशकात राज्य सरकारने दारूबंदी सैल करायला सुरुवात केली. विषारी हातभट्टीपेक्षा तपासलेली दारू बरी, आणि बुडालेला महसूल परत यायला हवा, ही दोन कारणं दिली गेली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला देशी दारूचे नियम आले आणि जाळीच्या काउंटरची आजची दुकानं गावोगावी उघडली. यामागे तिसरंही एक बळ होतं, ते कृष्णाकाठच्या शेतात उभं होतं.

प्रतिसरकारातून आणि बेचाळीसच्या लढ्यातून आलेल्या माणसांनी पुढे या भागातली सहकारी साखर कारखानदारी उभी केली. जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडणाऱ्या वसंतदादा पाटलांनी सांगलीचा कारखाना उभारला. भुईंजच्या कारखान्याला किसन वीरांचं नाव आहे. वाळव्याचा हुतात्मा कारखाना नागनाथअण्णा नायकवडींचा, तर कुंडलच्या क्रांती कारखान्याला जी. डी. बापू लाडांचं नाव आहे. दुष्काळी शेतकऱ्याच्या हातात पैसा आणणारी ही चळवळ होती, तिचं मोल कमी लेखता येणार नाही. पण ऊस गाळला की साखरेबरोबर मळी निघतेच. मळी फार काळ साठवून ठेवता येत नाही, ओढ्यात सोडता येत नाही, आणि तिच्यापासून सगळ्यात सहज बनतं ते स्पिरिट. सांगलीच्या आणि रेठऱ्याच्या कृष्णा कारखान्यासारख्या मोठ्या कारखान्यांशेजारी डिस्टिलरी उभ्या राहिल्या.

ढोबळ हिशेब असा. एक टन ऊस गाळला की चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते. टनभर मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल मिळतं. म्हणजे टनभर उसामागे सुमारे दहा लिटर. देशी दारूची तीव्रता साधारण त्रेचाळीस टक्के धरली, तर त्यात १८० मिलीच्या सव्वाशेच्या आसपास बाटल्या भरतात. जून २०२५ मध्ये सरकारने देशीच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत ८० रुपये ठरवली. या दराने टनभर उसाच्या नुसत्या उपपदार्थाची काउंटरवर किंमत होते दहा हजारांच्या घरात. त्याच टनाला २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने ठरवलेला किमान दर, म्हणजे एफआरपी, होता ३,४०० रुपये, आणि तोडणी-वाहतूक त्यातूनच कापली जाते. साखर काढून घेतल्यावर जे उरतं, त्याने बाटलीत शिरल्यावर मूळ उसाच्या जवळपास तिप्पट भाव गाठला. फरकाचा मोठा वाटा कराच्या रूपाने सरकारकडे जातो.

ज्या गड्याने तो ऊस तोडला, त्याच्या आठवड्याच्या खर्चीतला काही भाग बाजाराच्या दिवशी त्याच मळीच्या बाटलीवर जातो. फडापासून गाडी, गाडीपासून कारखाना, कारखान्यापासून डिस्टिलरी, तिथून गुत्ता, आणि गुत्त्यातून पुन्हा फड. हे वर्तुळ काही कोसांतच पुरं होतं. अलीकडे पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी इथेनॉलला मागणी आली, म्हणून कारखान्यांना मळीचं दुसरं गिऱ्हाईक मिळालं. गुत्त्याचं गिऱ्हाईक मात्र तेच राहिलं.

द्राक्षाची गोष्ट याच्या उलट घडली. तासगाव-पलूसच्या द्राक्षासाठी राज्याने २००१ मध्ये वाइन धोरण आणलं. नाशिककडे विंचूरला एक आणि सांगलीकडे पलूसला एक असे दोन वाइन पार्क ठरले. नाशिकला वाइन रुजली. सांगलीचा बागायतदार मात्र बेदाण्यावरच राहिला, कारण तासगाव-सांगलीचा बेदाणा बाजार त्याच्या ओळखीचा होता. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने शेतकऱ्याच्या नावाने घेतला, तेव्हा साताऱ्यात बंडातात्या कराडकरांच्या नेतृत्वाखाली वारकरी रस्त्यावर उतरले. तो निर्णय अमलात आला नाही.

परवाना नावाची इस्टेट

गावातलं हे दुकान इतकी वर्षं एकाच कोपऱ्यावर कसं टिकतं, याचं उत्तर त्याच्या परवान्यात आहे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून राज्याने देशी दारूच्या आणि वाइन शॉपच्या नव्या दुकानांना परवाने देणं थांबवलं. हेतू दारू आटोक्यात ठेवण्याचा होता. परिणाम असा झाला, की जुना परवाना ही पिढ्यान्‌पिढ्या चालणारी इस्टेट झाली. तो वारसाच्या नावे होतो, भागीदारीत फिरतो, एका गावातून दुसऱ्या गावात हलतो. गावातलं किराणा दुकान मोडतं, पिठाची गिरणी बंद पडते, पण देशीचं दुकान कुणी आपणहून बंद करत नाही.

बिअर शॉपी आणि परमिट रूम यांची वाट वेगळी. परमिट रूममध्ये पडदा आला, पार्टिशन आलं, मेन्यू कार्ड आलं. कराड-इस्लामपूर-सांगली रस्त्यावर अख्खा मसूर आणि रोटीचे ढाबे प्रसिद्ध झाले, तशा त्यांच्याशेजारी परमिट रूमही उगवल्या. प्रतिष्ठित माणूस जातो तो परमिट रूमला, आणि कष्टकरी जातो तो गुत्त्यावर. कायद्याच्या नजरेत मात्र दोघे सारखेच, कारण मूळ कायदा अजूनही दारूबंदीचाच आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा देशीसाठी दोन रुपये, विदेशीसाठी पाच, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. गुत्त्यावर उभ्या असलेल्या किती जणांच्या खिशात तो असतो, हे विचारण्यात अर्थ नाही. दारूबंदी अधिनियमाखाली दारू विकण्याचा परवाना देणारं आणि त्याच अधिनियमाखाली दारू पकडणारं खातं एकच.

डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर पुढे दोनशे वीस मीटर झालं. पुणे-बंगळूर महामार्ग साताऱ्यातल्या खंडाळ्यापासून सांगलीतल्या कासेगाव-पेठपर्यंत हे दोन्ही जिल्हे चिरत जातो. एप्रिल २०१७ मध्ये त्याच्या कडेच्या परमिट रूम अंधारल्या. पुढे न्यायालयाने पालिका क्षेत्रांना सूट दिली आणि बरेच दिवे पुन्हा लागले. रस्त्यावरच्या अपघातांसाठी आलेला हा आदेश देशभर गाजला. पण गावातल्या बाईसाठी दुकान महामार्गापासून किती मीटरवर आहे यापेक्षा ते घरापासून किती पावलांवर आहे, हा प्रश्न मोठा होता.

आडवी बाटली

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक हत्यार महाराष्ट्राने दिलं, आणि ते परजण्यात सातारा-सांगलीच्या बायका पुढे होत्या. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान पंचवीस टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली की प्रशासन गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मतं पडली की दुकान बंद. २००८ च्या आदेशाने ही पद्धत पक्की झाली. तेव्हा गृहखातं होतं तासगावच्या अंजनी गावचे आर. आर. पाटील यांच्याकडे. २००५ मध्ये डान्स बार बंद करणारे हेच आबा. तो निर्णय पुढे न्यायालयांत टिकला नाही. पण ग्रामस्वच्छता अभियान आणि २००७ ची तंटामुक्त गाव मोहीम यांतून ग्रामसभेला एकत्र येऊन ठरवण्याची जी सवय लागली, ती आडव्या बाटलीच्या कामी आली.

जावळी तालुक्यात व्यसनमुक्त युवक संघाच्या कार्यकर्त्यांनी, विलासबाबा जवळ यांच्यासारख्यांनी हा विषय गावोगाव नेला आणि दुकानं एकामागून एक बंद होत गेली. जावळीची ओळख दारूमुक्त तालुका अशी झाली. मतदानाच्या दिवशी नऊवारीतल्या म्हाताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या सुना आणि शाळेपुरतं शिकलेल्या मुली शाळेच्या पटांगणात रांगेत उभ्या राहिल्या. पंचायतीच्या निवडणुकीत नवऱ्याने सांगितलेल्या चिन्हावर शिक्का मारायची सवय असलेल्या अनेकींनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने शिक्का मारला.

पण या कायद्यात एक मेख आहे. निम्मी मतं मोजली जातात ती झालेल्या मतदानातून नव्हे, तर यादीतल्या एकूण महिलांतून. सातारा म्हणजे मुंबईला माणसं पुरवणारा जिल्हा. यादीत नाव गावाला आणि संसार नवी मुंबईच्या घणसोलीला, अशा बायका इथे गावोगाव आहेत. जी आलीच नाही, तिचं मत हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूला पडतं. वारलेल्या आणि सासरी गेलेल्या बायकांची नावंही यादीत राहतात. आमदाराला निवडून यायला झालेल्या मतांत प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक मत जास्त पुरतं. गुत्ता बंद करायला मात्र एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त बायका रांगेत याव्या लागतात. मतदानाच्या आदल्या रात्री दुकानदाराला फक्त एवढंच करायचं असतं, बायकांना घराबाहेर पडू द्यायचं नाही.

आणि दुकान बंद झालं तरी गोष्ट संपत नाही. शेजारच्या गावातून पोत्यातून बाटल्या येतात, पानटपरीच्या मागे विकल्या जातात आणि आठवड्याने भाव वाढतो. ज्या गावात बायकांची समिती बाटल्या पकडून पोलीस पाटलाच्या दारात नेऊन ठेवत राहिली, त्याच गावात बंदी टिकली.

दुकानाच्या पलीकडे

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीमुळे त्यांचं नाव देशभर झालं, पण साताऱ्यात १९९१ मध्ये सुरू झालेलं 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र हे त्यांच्या कामाचं दुसरं अंग. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये 'मुक्तांगण' उभं केलं होतं. साताऱ्याच्या केंद्राने तो विचार खेड्यापाड्यांच्या माणसापर्यंत आणला. दारू हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि दारू सुटलेल्या माणसाला सोबत लागते. धान्यापासून दारू बनवण्याच्या सरकारी धोरणाला विरोध करताना दाभोलकरांनी या दोन बाजू कधी वेगळ्या केल्या नाहीत. धोरण बदलायला हवं आणि माणूसही सावरायला हवा. वारकरी परंपरा हेच वेगळ्या रीतीने करते. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटते, आणि माळ टिकवायला संध्याकाळचं भजन असतं.

संध्याकाळ हाच यातला कळीचा मुद्दा आहे. गुत्त्यावर जाणारा माणूस तिथे नुसती दारू प्यायला जात नाही. दिवसभर दुसऱ्याच्या कामाला राबलेल्या माणसाला कुणाचा हुकूम नसलेली अशी तेवढीच जागा गावात मिळते. बाईला तर तेवढीही मिळत नाही. म्हणून गुत्ता बंद करण्याचं मतदान तिच्यासाठी दारूपुरतं राहत नाही. घरातल्या पैशावर, मारहाणीवर आणि रात्रीच्या झोपेवर आपला हक्क सांगण्याची ती संधी असते.

जून २०२५ मध्ये सरकारने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि 'महाराष्ट्र मेड लिकर' हा नवा प्रकार आणला. वर्षाला सुमारे १४,००० कोटींची भर अपेक्षित असल्याचं सांगितलं. दारूबंदीची वर्षं सोडली, तर १८७८ च्या कायद्यापासून हिशेब एकाच दिशेने चालला आहे. राज्य उत्पादन शुल्काचं खातं २०२२ मध्ये पाटणचे शंभूराज देसाई यांच्याकडे आलं. गृहखातं त्याआधी तासगावच्या आर. आर. पाटलांकडे होतं. मंत्री या मातीतले असले तरी तिजोरीची गरज बदलत नाही.

म्हणून बदलायचा तो हिशेब. आडव्या बाटलीचं मतदान झालेल्या मतांच्या बहुमतावर ठरवावं, बाकी साऱ्या निवडणुकांसारखं. मयत आणि स्थलांतरितांची नावं मतदानाआधी यादीतून काढावीत. ज्या तालुक्यातून दारूचा कर जमतो, त्यातला ठरलेला वाटा त्याच तालुक्यात व्यसनमुक्ती केंद्राला आणि गावच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेला, तालमीला, भजनी मंडळाला मिळावा. दीडशे वर्षं गुत्त्याने सरकारला पोसलं. त्या पैशातला थोडा तरी भाग, दुकान बंद करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांच्या गावात परत यायला हवा. ही मागणी वर्गणी मागून पुरी होणारी नाही. ती राज्याच्या अर्थसंकल्पात मांडावी लागेल, आणि ती मांडण्याचा हक्क कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांनी केव्हाच कमावला आहे.